भेक पाळायचाय? मग डबा नको, अंगण द्या

नमस्कार मंडळी. पाऊस लागला की पोरं अंगणातून ओंजळ बंद करून धावत घरात येतात आणि म्हणतात, आई हा आपण ठेवूया ना. ओंजळीत असतो भेक, म्हणजे तो मातकट रंगाचा, खडबडीत अंगाचा, डोक्यावर काळ्या कडा असलेला, ज्याला आपण सरसकट बेडूकच म्हणतो तो. मग घरात दोन पार्ट्या पडतात, आजी म्हणते टाक तो आधी, अंगावर मुतला तर चामखीळ येईल, आणि पोरगं हटून बसतं. आज मला या दोघांशी बोलायचंय.

आजी, आधी तुमच्याशी. चामखीळ येते ती एका व्हायरसमुळे, आणि तो व्हायरस माणसाकडून माणसाला लागतो, भेकाचा त्यात काहीएक संबंध नाही. त्याच्या अंगावर ज्या गाठी दिसतात त्या ग्रंथी आहेत. उचलला की तो मुततो हे मात्र खरं, पण ते घाबरून, आणि त्यात त्याने साठवून ठेवलेलं पाणी असतं, कारण भेक तोंडाने पाणी पीतच नाही. पोटाखालची आणि मांड्यांजवळची पातळ कातडी ओल्या मातीला टेकवून बसतो आणि तिथूनच पाणी आत ओढून घेतो. म्हणजे कडक उन्हाळ्यात कुणी त्याला उगाच उचललं तर त्याची पुढची बेगमीच सांडते, म्हणून गरज नसताना उचलायचाच नाही.

आता पोरांनो, तुमच्याशी. भेक आवडला, घरी असावा असं वाटलं, यात वाईट काही नाही, उलट मला तर फार बरं वाटतं. पण डब्यात किंवा काचेच्या टाकीत नको रे. ज्या कातडीने तो पाणी घेतो त्याच कातडीने डब्यातल्या पाण्यात मिसळलेली त्याची स्वतःची घाणसुद्धा आत जाते. काच त्याला कळत नाही, सारखा नाक घासत राहतो आणि नाक सोलून निघतं. आणि खाणं? भात, पाव, चपाती यांकडे तो बघणार पण नाही, त्याला हलणारी वस्तूच खाणं म्हणून कळते, जिवंत किडा समोर हलला की चिकट जीभ बाहेर. दात नसतात म्हणून अख्खाच गिळतो, आणि गिळताना डोळे मिटतो ना, ते डोळे खरोखर आत दाबले जाऊन घास खाली ढकलायला मदत करतात, नीट बघा कधी. तर असे जिवंत किडे रोज कोण आणून देणार? आणि घरात फवारा मारलेलं झुरळ कुणी त्याला घातलं तर तेच त्याच्या जिवावर बेतायचं.

मग पाळायचा कसा? दार उघडं ठेवून. अंगणात, परसात, सोसायटीच्या बागेत सावलीचा कोपरा बघा, एक फुटकी कुंडी आडवी करून अर्धी मातीत पुरा, आत ओला पालापाचोळा टाका. शेजारी परळ ठेवा, अगदी उथळ, आणि त्यात एक दगड, म्हणजे त्याला चढून बाहेर येता येईल. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवून मग घाला, त्यातलं क्लोरीन बरंच उडून जातं. बागेत कीटकनाशक बंद, हे मात्र कडक पाळायचं. जागा पटली तर तो दिवसभर त्या कुंडीत राहील, रात्री फिरून येईल आणि पुन्हा तिथेच शिरेल. आणि पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं उडतात ना, तेव्हा पडवीतली ट्यूबलाईट लावा आणि सगळ्यांनी लांब बसा, भेक आपणहून उजेडाखाली येऊन बसतो आणि पडणारी पाखरं एकामागून एक टिपतो, अर्धा अर्धा तास हलत नाही. लहान मुलांना यापेक्षा जवळून प्राणी बघायला दुसरं काय मिळणार, मला सांगा. नशीब असेल तर कात टाकतानाही दिसेल, जुनी कातडी ओढून ओढून तोंडात घेतो आणि स्वतःच खाऊन टाकतो.

फिरायला गेल्यावर दिसलेला भेक मात्र घरी आणायचा नाही, तिथला तिथेच. आंबोलीच्या जांभ्या कातळावर एक छोटा भेक आहे, कातळावरच्या पाण्याच्या खळग्यात अंडी घालतो, शास्त्रज्ञांनी त्याला 2009 साली नाव दिलं आणि तो नामशेष व्हायच्या अगदी उंबरठ्यावर आहे. कोयनेला त्याचा भाऊबंद आहे, त्याची नोंद 1963 ची. पावसाळी पर्यटनाच्या गाड्यांखाली हे जीव चिरडतात, तेव्हा घाटात रात्री गाडी हळू घ्या, एवढी कळकळीची विनंती. आणि आपला साधा भेकसुद्धा लांब नेऊन सोडायचा नाही, त्याच्याबरोबर बुरशीचा रोग नव्या जागी जाऊ शकतो. हाच भेक मादागास्करच्या तोआमासिना बंदराजवळ पोचलेला 2014 मध्ये लक्षात आला, आता तो तिथे पसरतोय आणि तिथल्या सापांना त्याचं विष सोसत नाही.

हो, विष आहे. डोळ्यांच्या मागे राजम्याच्या दाण्यासारखे दोन फुगवटे दिसतात, ते दाबले की पांढरा चीक येतो. हाताळावाच लागला तर आधी हात साध्या पाण्याने ओले करा, साबण किंवा डासांचं क्रीम हाताला नको, आणि नंतर मात्र साबणाने स्वच्छ धुवा, तोवर डोळे चोळू नका. घरातल्या कुत्र्याने तोंडात धरला आणि फेस यायला लागला तर तोंड एका बाजूला खाली करून पाण्याने धुवा, पाणी पोटात जाऊ देऊ नका, आणि लगेच डॉक्टरकडे न्या.

शेवटचं एक, आणि हे आजींना, काकूंना, सगळ्यांनाच. भेक मोरीत आला की त्याच्यावर मीठ टाकायची पद्धत आपल्याकडे घराघरात आहे. मीठ त्या पातळ कातडीतून त्याच्या अंगातलं पाणी खेचून घेतं, तो तडफडून मरतो. त्यापेक्षा ओली सुपली त्याच्यापुढे धरा, मागून झाडूने हलकेच सरकवा, आणि परसात त्या कुंडीजवळ नेऊन ठेवा. नमस्कार.