कात्री त्याच्याच हातात राहू द्या

(पालक, मुलं आणि आजी-आजोबांसाठी घेतलेल्या हस्तकलेच्या कार्यशाळेतलं सुरुवातीचं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मित्रहो, घरातल्या कुणासाठी तरी घरीच भेटवस्तू करायची आणि ती सगळ्यांनी मिळून करायची, हा आजचा विषय. तुम्ही मुलांना आणि आजी-आजोबांनाही बरोबर घेऊन आलात याचा मला मनापासून आनंद आहे. माझं बोलणं मात्र मुख्यतः मधल्या पिढीशी, म्हणजे आई-बाबांशी आहे. कारण घरातला असा उद्योग बहुतेक वेळा तिथेच बिनसतो, आणि बिनसतो तोही प्रेमापोटी. मूल कागद कापत असतं. कात्री रेघ सोडून जाते. शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाचे हात शिवशिवायला लागतात. ‘दे इकडे, मी नीट करून देते.’ मग वस्तू सुबक होते, आणि मूल कधी उठून गेलं ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

शिक्षणाच्या इतिहासात या क्षणाचा फार गांभीर्यानं विचार झालेला आहे. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नांमुळे १८६६ साली ग्रामीण शाळांमध्ये हस्तव्यवसाय हा सक्तीचा विषय झाला. पुढे स्वीडनमध्ये नेस इथे ओट्टो सालोमन यांनी हाच विचार घेऊन शिक्षक तयार करण्याचं केंद्र चालवलं आणि देशोदेशीचे शिक्षक तिथे शिकायला जाऊ लागले. त्यांच्या पद्धतीला ‘स्लॉइड’ म्हणतात. तिच्यातल्या दोन गोष्टी मला आजही फार मोलाच्या वाटतात. पहिली, मुलानं केलेली वस्तू शोभेची नसावी, घरात खरोखर वापरता येईल अशी असावी. दुसरी, शिक्षकानं मुलाच्या कामाला स्वतःचा हात लावायचा नाही. तोंडानं सांगा, लागलं तर दुसऱ्या तुकड्यावर करून दाखवा, पण त्याच्या हातातल्या तुकड्यावर नको. हे लाकूडकामाबद्दल आहे, ज्यात चाकू असतो, करवत असते! कागद आणि कात्रीच्या बाबतीत तर आपल्याला एवढं नक्कीच जमायला हवं.

आता, धारदार कटर, गरम इस्त्री, गरम गोंद ही कामं लहान मुलाची नाहीत, हे उघड आहे. पण ती आधीच ठरवून टाकावीत. ‘पुठ्ठा कापणं बाबाचं, भोकं पाडणं तुझं.’ मुलाला त्यात काही वावगं वाटत नाही. त्याच्या मनाला लागतं ते चालू असलेलं काम मध्येच काढून घेतलं की.

कौतुकाबद्दलही थोडं सांगते. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना मुळातच चित्रं काढायला आवडतं अशी तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली. काही मुलांना ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल’ असं आधी सांगितलं. काहींना तेच पत्रक अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी त्याच वर्गात ते रंग पुन्हा ठेवले, तेव्हा ज्यांना बक्षीस आधीच कबूल केलं होतं ती मुलं इतरांच्या निम्माच वेळ रंगांकडे फिरकली. म्हणून घरी भेटवस्तू करताना ‘छान केलंस तर अमुक देईन’ हे टाळावं. काम कुणासाठी चाललंय त्या माणसाबद्दल बोलावं. ‘ताईला हा रंग आवडेल का?’ एवढा एक प्रश्न मुलाला तासभर पुरतो.

हा प्रश्न मोठ्यांनीही विचारला पाहिजे. माणसाला स्वतः केलेल्या वस्तूचं फार अप्रूप असतं. नॉर्टन, मोचोन आणि एरिएली यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये लोकांना ओरिगामी, म्हणजे कागदाला घड्या घालून प्राणी-पक्षी, करायला दिली होती. करणाऱ्यांनी आपल्या ओबडधोबड बेडकांना आणि बगळ्यांना जवळजवळ तज्ज्ञांच्या कामाइतकं मोल लावलं. बघणाऱ्यांना त्यांत फारसं काही दिसलं नाही. याच प्रयोगमालेत असंही दिसलं की वस्तू अर्धवट राहिली तर करणाऱ्याचं हे प्रेमही उरत नाही. यातून मी दोन गोष्टी घेते. जे पुरं होईल एवढंच काम हाती घ्यावं, आणि आपल्याला आवडलं म्हणून घेणाऱ्याला आवडेल असं धरून चालू नये. कपाटात अशा किती वस्तू पडलेल्या असतात! टाकवत नाहीत आणि वापरताही येत नाहीत. प्रेमानं दिलेल्या वस्तूचं ओझं व्हावं, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून वस्तू ठरवण्याआधी काही दिवस त्या माणसाकडे नुसतं बघा. मुलांना हे हेरगिरीसारखं वाटतं आणि त्यांना ते मनापासून आवडतं. आजोबा औषधांच्या वेळा कशावर लिहितात? मिळेल त्या चिठोऱ्यावर. चिठोरे हरवतात. वहीच्या बारीक रेघा त्यांना दिसत नाहीत, आणि मोठी वही खिशात मावत नाही. म्हणजे त्यांना हवी आहे खिशात मावणारी, ठळक आणि एकमेकींपासून लांब असलेल्या रेघांची वही. ती घरी करता येते, आणि विकतच्या वहीपेक्षा त्यांना जास्त नेमकी बसते. रेघा मुलानं आखलेल्या असतील. एखादी वाकडी गेली तरी आजोबांना तिच्यावर लिहिता येतंच.

या वहीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आज आपण तीच करणार आहोत आणि तिच्यात घरातल्या प्रत्येकाला पुरेल एवढं काम आहे.

आधी कागद समजून घेऊ. यंत्रावर कागद तयार होतो तेव्हा त्याचे तंतू बहुतांशी यंत्राच्या चालीच्या दिशेनं पडतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सरळ आणि स्वच्छ बसते. आडवी घातली तर घडीवर कागद फुटल्यासारखा होतो, वही नीट मिटत नाही, सारखी फेंदारते. गोंद लावल्यावर तर फरक आणखीच दिसतो, कारण ओल लागली की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, रुंदीत फुगतात. पुठ्ठ्याची कव्हरं वाकडी होतात त्याचं हे एक मोठं कारण आहे. दिशा ओळखायला कागद फक्त हलकेच वाकवून बघायचा, आधी उभा, मग आडवा. ज्या बाजूनं तो सहज वळतो, त्या वळणाला समांतर तंतू आहेत. हे मुलाच्या हातात द्या. मोठ्यांपेक्षा मुलांना ते लवकर कळतं, असा माझा अनुभव आहे.

घरोघरी असलेला ए-फोर कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा असतो, आणि त्याचे तंतू सहसा लांबीच्या दिशेनं असतात. तो सरळ मध्ये दुमडून वही केली तर घडी तंतूंना आडवी जाते. पण तोच कागद आधी मधोमध कापून दोन तुकडे केले आणि मग प्रत्येक तुकडा दुमडला, तर घडी तंतूंना समांतर येते. म्हणजे आपली खिशातली वही, साधारण १०५ गुणिले १४८ मिलिमीटरची, आपोआपच योग्य दिशेची होते. चार कागद घेतले की आठ तुकडे होतात, ते दुमडून एकात एक घातले की बत्तीस पृष्ठांची एक जुज तयार. बांधणीवाले अशा एकात एक बसवलेल्या पानांच्या जुडीला जुज म्हणतात, आणि ती शिवून केलेल्या बांधणीला जुजबंदी.

घडी बोटानं घालायची आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घोटायची. हे काम आजी-आजोबांकडे द्या. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांनाही ते जमतं, कारण घडी बोटांना कळते. ज्यांना आताशा गोष्टी आठवत नाहीत, त्यांच्या बाबतीतही हे सांगावंसं वाटतं. आयुष्यभर हातांनी केलेली कामं स्मृतिभ्रंशात इतर आठवणींच्या तुलनेत पुष्कळ काळ टिकून राहू शकतात. सकाळी काय बोलणं झालं ते ज्यांना सांगता येत नाही, ते टाका सफाईनं घालताना दिसतात. त्यांना नुसतं कडेला बसवून ‘बघा हं’ म्हणू नका. त्यांच्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवा.

मग भोकं. जुज उघडून इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात धरायची आणि घडीवर तीन खुणा करायच्या: एक मधोमध, दोन टोकांपासून साधारण दोन-दोन सेंटीमीटरवर. खाली घडी घातलेला जाड टॉवेल ठेवायचा. कागद मोठ्यानं दोन्ही बाजूंनी घट्ट धरायचे, आणि दाभण मुलानं टोचायचं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे जमतं, मात्र धरणाऱ्याची बोटं घडीपासून लांब हवीत. धरून ठेवणं हे फार महत्त्वाचं काम आहे आणि मोठ्यांनी तेच करावं असं मला वाटतं. त्यात हात गुंतलेले असल्यामुळे ते दुसरीकडे वळवळतही नाहीत.

दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट घ्यायचा, म्हणजे साधारण पंचेचाळीस सेंटीमीटर, आणि मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढायचा. मेणानं दोरा सुटासुटा होत नाही आणि गाठ पकडून राहते. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढायची. बाहेरून वरच्या भोकातून आत, मग आतल्या बाजूनं मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत. आता दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. तो टाका मध्ये धरून गाठ मारायची. झाली वही. दोरा ओढताना घडीच्या दिशेनंच ओढायचा, पानाच्या दिशेनं ओढला तर भोक फाटतं. मुलं इथे हमखास घाई करतात, तेव्हा ‘हळू’ म्हणायचं आणि थांबायचं.

कव्हरला जाड कागद याच मापाचा, बाहेर घालून सगळं एकदमच शिवायचं. त्यावर काय करायचं याबद्दल मी काही सांगणार नाही. ते सर्वस्वी मुलाचं आहे.

ही वस्तू टिकावी असं वाटत असेल तर सेलोटेप वापरू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते, चिकटपणा जातो आणि कागदावर डाग मात्र राहतो. चिकटवायचं झालं तर पिठाची खळ शिजवा. जुन्या कागदपत्रांची डागडुजी करणारे तज्ज्ञ आजही स्टार्चची खळ वापरतात, कारण ती पाण्यानं पुन्हा सोडवता येते. वर्तमानपत्राचा कागद कव्हरला सुंदर दिसतो, पण त्यात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य असतं आणि उजेडानं तो लवकर पिवळा, ठिसूळ होतो. स्केचपेनचे रंगही उजेडात उडतात. साधी शिसपेन्सिल उडत नाही. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलनंच तारीख घाला आणि कुणी घड्या घातल्या, कुणी भोकं पाडली, कुणी टाके घातले त्यांची नावं लिहा. ज्याला अजून लिहिता येत नाही त्यानं एखादी खूण काढावी.

ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी २००८ मध्ये लहान मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना एक ‘नक्कल करणारं यंत्र’ दाखवलं आणि सांगितलं की यात तुमचं आवडतं खेळणं घातलं की हुबेहूब दुसरं तयार होतं. जी मुलं आपल्या भावलीला किंवा पांघरुणाला घेऊनच झोपतात, त्यांतल्या काहींनी ती यंत्रात घालू दिलीच नाहीत, आणि ज्यांनी घालू दिली त्यांतल्या बहुतेकांनी आपली मूळचीच परत मागितली. हुबेहूब दुसरी त्यांना नको होती. वाकडी रेघ जिथल्या तिथे ठेवा असं मी म्हणते ते याचसाठी. ती सरळ करून दिली तर ती वही कुणीही केलेली असू शकते.

देताना ‘काही विशेष नाही, घरीच केलंय’ असं कृपा करून म्हणू नका. मूल शेजारी उभं असतं आणि ते ऐकत असतं. वही कशी उघडायची, गाठ कुठे आहे, रेघा एवढ्या अंतरानं का आखल्या, हे त्यालाच सांगू द्या. आणि घेणाऱ्यांना सांगते, ती जपून ठेवू नका, वापरा. वही भरली की आतली गाठ कापायची, भरलेली जुज बाजूला ठेवायची आणि त्याच कव्हरात नवी शिवायची. भोकं तयारच असतात.

टेबलांवर कागद अर्धे कापून ठेवलेले आहेत. दोऱ्याचं रीळ प्रत्येक टेबलावर एकच आहे, तेव्हा आधी सगळ्यांच्या घड्या होऊ द्या, दोरा त्यानंतर मोजू.