कार्य नसताना जावं

(मेलबर्न येथे मंडळाच्या यंदाच्या संक्रांत मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी किंचित संपादित.)

नमस्कार मंडळी. तिळगूळ मिळाला ना सगळ्यांना? मागच्या रांगेपर्यंत लाडू पोचले नसतील तर खुशाल हाक मारा. भाषण थांबलं तरी काही बिघडत नाही.

मला विषय दिलाय ‘घरातले सोहळे आणि प्रवास, एका आईच्या नजरेतून’. आता ही बाई पडद्यावर फोटो दाखवणार, अशी तुमची समजूत झाली असेल. फोटो आणलेले नाहीत. थोडी तक्रार आणली आहे, आणि सुरुवात पंचांगापासून करते.

आपल्या व्हिक्टोरियात मुलांना मोठी सुट्टी लागते नाताळच्या तोंडावर आणि संपते जानेवारीच्या अखेरीस. नोकरीत वर्षाची रजा चार आठवडे. म्हणजे भारतात जायचं ते या उन्हाळ्यातच. आणि बहुतेक वर्षी नेमका तेव्हाच पौष. लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. गुरुजींना फोन केला की ते म्हणतात, ‘ताई, माघ लागू दे.’ माघ लागेपर्यंत इकडे शाळेची घंटा वाजायची वेळ झालेली असते. मग गुरुजी दाते पंचांग उघडतात, चष्मा वर करतात, आणि कुठल्या तरी कोपऱ्यातला एक काढीव मुहूर्त आपल्या पदरात टाकतात. इथल्या प्रत्येक घराला असा एक तरी मुहूर्त निघालेला आहे. हात वर करायला सांगत नाही.

आमच्या धाकट्याची मुंज आठव्या वर्षी व्हायची, ती कोविडमुळे लांबली. शेवटी २०२३ ची वसंत पंचमी मिळाली. तारीख २६ जानेवारी. तिकडे प्रजासत्ताक दिन, इकडे ऑस्ट्रेलिया डे, आणि मधे आमचा बटू. दोनच दिवसांनी रथसप्तमी होती, म्हणून त्याच दौऱ्यात सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन धरलं. लोणंदला कार्यालय एक, केटरर एक, मांडव एक. ‘आलाच आहात तर उरकून घेऊ’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. मला वाटतं परदेशातल्या मराठी माणसाच्या घरी सोहळे होत नाहीत, ते उरकतात.

मुंजीतली एक गोष्ट मात्र नीट झाली, ती मातृभोजनाची. मेलबर्न तेव्हा भारताच्या साडेपाच तास पुढे असतं. त्यामुळे इथून गेलेलं पोर पहाटे दोनलाच टक्क जागं. पहाटेच्या मुहूर्ताला आपल्याइतकं ताजंतवानं मांडवात कोणी नसतं. एका ताटात आम्ही दोघं जेवायला बसलो. त्याने जिलबी आधी संपवली, भात माझ्याकडे ढकलला, आणि विचारलं, ‘आता यापुढे आपण शेअर नाही करायचं?’ समोर फोटोग्राफर म्हणत होता, ‘मॅडम, घास तोंडाजवळ धरून ठेवा.’ मी घास धरून ठेवला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. संध्याकाळी आहेर घेण्याच्या वेळी मेलबर्नचा मध्यरात्रीचा एक वाजलेला होता, आणि बटू सोफ्याच्या मागे सतरंजीवर पालथा झोपला होता.

परत आल्यावर तो तसाच घेरा ठेवलेल्या डोक्याने शाळेत गेला. बाईंनी प्रेमाने त्याच्या दप्तरात उवांवरच्या औषधाचं माहितीपत्रक घालून पाठवलं. ते अजून आमच्या फ्रिजवर आहे.

सहस्रचंद्रदर्शनाचं गणित तुम्हाला ठाऊक असेल. पौर्णिमा ते पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवस, हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षं आणि वर काही महिने लागतात. अण्णांना एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. पंख्यामुळे दिवे विझत होते, पंखा बंद केला की पाहुणे घामाघूम होत होते, त्यावर तिघा मेहुण्यांचं एकमत होईना. अण्णा नव्या कोऱ्या धोतरात खुर्चीवर बसलेले. लोक येत होते, पाया पडत होते, जेवायला पळत होते. मी त्यांची थोरली सून, आणि त्या अख्ख्या मुक्कामात मी त्यांच्याशी काय बोलले असेन? ‘अण्णा, गोळी घेतली का?’ एवढंच.

आता जरा मागे जाते. माझी लेक २००७ च्या नोव्हेंबरात इथे जन्मली. बाळंतपणाला आई आली. साताऱ्याची बाई, रोज सकाळी अजिंक्यतारा चढून यायची. आयुष्यातला पहिला विमानप्रवास, तोही एकटीचा, सिंगापूरला विमान बदलून. भाषेची अडचण नको म्हणून भावाने तिच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. आपल्याकडे निम्म्या आयांना अशीच व्हीलचेअर लागते, पाय ठणठणीत असतात. ती मला मेलबर्नला दाराशी दिसली ती खुर्चीत अंग चोरून बसलेली, आणि ढकलणाऱ्या पोराला म्हणत होती, ‘बाळा, तू दमलास, तू बस.’

त्याआधी तिची कस्टमात तपासणी झाली होती. तिने प्रवेशाच्या कार्डावर सगळ्याला ‘हो’ लिहिलं होतं. भावाने बजावलं होतं की लपवायचं नाही. हळद, सुंठ, खारकेची पूड अधिकाऱ्याने हुंगून परत दिली. कंदी पेढ्यांचा पुडा तेवढा गेला. भारतातली दुधाची मिठाई इथे येऊ देत नाहीत, गुरांच्या लाळ्या-खुरकुताची भीती असते. शेतकऱ्याची लेक ती, तिला ते लगेच पटलं. ‘त्यांचीही गुरं आहेत’ म्हणाली. पेढे केराच्या डब्यात जाताना मात्र तिने पाठ फिरवली.

लेकीच्या बोरन्हाणाला तिने हलव्याचे दागिने कुरिअरने पाठवले. ते २००९ साल. ज्यांना आठवतंय त्यांना आठवतंय, त्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सलग तीन दिवस पारा त्रेचाळीसच्या वर होता, ट्रेनचे रूळ वाकले होते. आणि आम्ही त्या लेकराला काळं झबलं घातलेलं! बोरं कुठून आणणार? द्राक्षं, ब्लूबेरी, डँडेनाँगच्या फॉस्टर स्ट्रीटवरून आणलेले चुरमुरे, गोळ्या. तेव्हा आपल्यातल्याच चार घरांतली मुलं जमली होती. त्या मुलांपैकी एक आज मागे साऊंड सिस्टीम सांभाळतोय. त्याने त्या दिवशी ब्लूबेरी खाल्ल्या नव्हत्या, नाकात घातल्या होत्या.

हे मुद्दाम सांगते, विशेषतः कडेवर लहान मूल असलेल्या पुढच्या रांगेतल्या मुलींना. बारसं, उष्टावण, बोरन्हाण, वाढदिवस यांसाठी विमानाची वाट बघू नका. ते सोहळे मूल जिथे वाढतंय तिथे करा. त्याला जन्मभर पुरणारी माणसं याच सभागृहात बसली आहेत. तिकडे चारशे पाहुण्यांत त्याला कोणी ओळखत नाही, आणि तोही कोणाला ओळखत नाही.

सोळा संस्कार आपल्याकडे आहेतच. इथे सतरावा आहे, तो म्हणजे एल प्लेट. व्हिक्टोरियात एकवीस वर्षांच्या आतल्या शिकाऊ चालकाला १२० तास गाडी चालवावी लागते, शेजारी परवानाधारक बसवून, आणि त्याची नोंद ठेवून. त्या नोंदींवर कोणाकोणाच्या आयांची सही आहे ते मला माहीत आहे. तुमची खरी मैत्री तिथे झालेली असते, किंवा तिथेच मोडलेली असते. मी आधी डोळे मिटून स्तोत्र म्हणायची. लेक म्हणाली, ‘सुपरव्हायजरने डोळे उघडे ठेवायचे असतात, नियम आहे.’

तास भरायचे म्हणून आम्ही कुठे कुठे गेलो! बॅलारॅट झालं, ह्यूम हायवेवरून मरे नदी ओलांडून ऑलबरी झालं. २०२४ च्या ईस्टरला ग्रेट ओशन रोड घेतला. ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर लाकडी कमान आहे, तिथे थांबलो. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्याने हा रस्ता काढला, लढाईत गेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून, आणि हाताला काम मिळावं म्हणूनही. साताऱ्याकडच्या माणसाला युद्धावरून परतलेला किंवा न परतलेला शिपाई नवा नाही. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे. पण माझं लक्ष वळणांकडे होतं. मागच्या सीटवर बसलेल्या धाकट्याने तो फलक पाठ केलाय, हे मला तेव्हा कळलं नाही. ते जुलैत कळलं.

जुलै २०२४. ती पहिली वेळ, जेव्हा आम्ही काहीही कार्य नसताना भारतात गेलो. हिवाळ्याची दोन आठवड्यांची सुट्टी, माझी उरलेली रजा. लोकांनी विचारलं, ‘कोणाचं काय आहे?’ काही नाही म्हटलं तर त्यांना खरं वाटेना. जाऊबाईंना तर वाटलं आमच्यात काहीतरी बिनसलंय.

आषाढीचे दिवस होते, माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला यायची होती. आमच्या ओसरीवर दरवर्षी वारकरी उतरतात. पिठलं-भाकरी, गरम पाणी हे पूर्वीपासूनचं. अलीकडे आणखी एक सेवा लागते, मोबाईल चार्जिंगची. अण्णांनी ते खातं नातवाकडे दिलं. तीन एक्स्टेंशन बोर्ड, सतरंजीवर ओळीने फोन, आणि प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. आमच्या चिरंजीवांचं देवनागरी रविवारच्या मराठी शाळेतलं. ‘ज्ञानोबा’ लिहायला त्याला एक अख्खी चिठ्ठी पुरली नाही. परभणीकडच्या एका आजीबाईंनी चिठ्ठी घेतलीच नाही. ‘माझा तांबडं रबर लावल्याला हाय, तुला दिसंल’ म्हणाल्या. रात्री त्या फोन न्यायला आल्या आणि त्याच्या पायाला हात लावायला वाकल्या. तो घाबरून मागे सरकला आणि फोनांच्या ओळीत पडला.

दुसऱ्या दिवशी पालखी तरडगावकडे गेली, चांदोबाच्या लिंबाला रिंगण बघून आलो. ओसरी रिकामी झाली. पाऊस लागून होता, कुठे जायचं नव्हतं. अण्णा आणि धाकटा वायरी गुंडाळत बसले होते. मी लसूण सोलत होते. अण्णा सहज म्हणाले, ‘बहात्तरला या रस्त्याला मी खडी फोडलीया.’ १९७२ चा दुष्काळ. बाजरी करपलेली, बैल विकलेले. सरकारने रस्त्याची कामं काढली, गावचा गाव तिकडे. खायला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी. अण्णांचं वय तेव्हा तिशीचं, घरात चार तोंडं. मिलोची भाकरी कशी तुटायची ते त्यांनी हाताने करून दाखवलं. धाकटा म्हणाला, ‘म्हणजे ग्रेट ओशन रोडसारखं? काम नव्हतं म्हणून रोड केला?’ आणि मग त्याने त्या कमानीवरचं सगळं अण्णांना सांगितलं. सोल्जर, कुदळ, एकोणीसशे एकोणीस. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, ‘त्यांना रोज किती पडायचा?’ ते त्याला ठाऊक नव्हतं. परत आल्यावर त्याने शाळेच्या ग्रंथालयात शोध घेतला. आजोबा-नातवाचा तो पत्रव्यवहार अजून चालू आहे.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी त्या घरात किती कार्यांना पदर खोचून उभी राहिले असेन, पण ही हकिकत मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकली. ह्यांनीसुद्धा अर्धीच ऐकली होती. एक्याऐंशी दिव्यांच्या उजेडात ती कोणी सांगितली नाही, कारण तिथे बसायला कोणालाच वेळ नव्हता.

एक गोष्ट बोलावी की नको असं वाटत होतं. माझी आई २०२१ च्या जूनमध्ये गेली. तेव्हा इथून बाहेर पडायलाच परवानगी लागायची. त्याच्या आदल्या महिन्यात तर भारतातून येणाऱ्या ऑस्ट्रेलियन नागरिकांनाही काही दिवस दार बंद होतं. तुमच्यापैकी अनेकांनी ते सोसलंय, सांगायला नको. तेरावा मी स्वयंपाकघरात फोन उभा करून पाहिला. त्यानंतर मी ठरवलं नाही असं काही, पण तिकीट काढताना ‘कशासाठी’ हा प्रश्न मी स्वतःला विचारणं सोडून दिलं.

म्हणून, कार्यांना जाऊ नका असं मी म्हणत नाही. सख्ख्या भावाचं लग्न असेल तर जा, नाचा, आहेर घ्या. पण दोनांतलं एकच परवडत असेल, आणि आपल्यातल्या बहुतेकांना एकच परवडतं, तर आधी बिनकार्याची फेरी करा. स्वस्तही पडते, डिसेंबरची तिकिटं काय भावाने जातात ते तुम्ही जाणता. सासू-सासऱ्यांना आंघोळीला नंबर लावावा लागत नाही. आणि मुलांना आजोबा खुर्चीतून उठलेले दिसतात.

यंदा डिसेंबरात पुतण्याचं लग्न आहे. लग्नाला हे एकटे जातील. मी, लेक आणि धाकटा जुलैत जाणार. लेक आता अठराची झाली, नव्या परवान्याची लाल पी प्लेट लावते, पण लोणंदला तिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं अण्णांनी आधीच कळवलंय. यंदा अधिक ज्येष्ठ आला आहे, त्यामुळे पालखी लोणंदला पोचेल तेव्हा आपल्या शाळा सुरू झालेल्या असतील. म्हणजे या खेपेला वारीसुद्धा नाही. जाऊबाई दोन दिवस फुगून होत्या. लग्न सोडून रिकाम्या दिवसांत येणार, म्हणजे काय? तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, ‘येताच आहात तर बाजरीच्या खुरपणीला माणसं कमी आहेत. लेकीला सांगा, जुने कपडे आण.’

तिकिटं काढली आहेत. धन्यवाद.