कार्तिकी, इंद्रायणी आणि सांडपाण्याचा हिशेब

पुण्यात नदीचा विषय निघाला की बोलणे मुळा-मुठेपाशी थांबते. आज मी इंद्रायणीकाठच्या आळंदीसारख्या लहान शहरांच्या सांडपाण्याविषयी बोलणार आहे, कारण लोणावळ्याकडून येऊन देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेत मिळणारे हे पाणी पुढे उजनीच्या जलाशयात जाते आणि तिथून ते पुन्हा माणसांच्याच घरी पोचते.

नियोजनात माणशी रोज 135 लिटर पाणी आणि त्याचे 80 टक्के सांडपाणी धरतात. या हिशेबाने 30 हजार वस्तीच्या शहरातून रोज सुमारे 32 लाख लिटर मैलापाणी निघते. नगरपरिषदेच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात त्यातला कचरा जाळीवर आणि वाळू तळाशी अडते. पण खरे काम करतात ते हवा सोडलेल्या टाकीतले, मैला खाणारे जिवाणू. मँचेस्टरमध्ये 1914 साली मांडलेली ही पद्धत आजही बहुतेक प्रकल्पांचा पाया आहे. या जिवाणूंना पाण्यात लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन सतत लागतो. म्हणून वीज जाऊन टाकीत हवा सोडणारे ब्लोअर काही तास बंद पडले आणि जनरेटरला डिझेल नसले, तर कोट्यवधींचे बांधकाम असूनही नदीत मैलाच जातो.

चांगला ऑपरेटर टाकीतले पाणी एक लिटरच्या मोजपात्रात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवतो. तपकिरी गाळ, म्हणजे या जिवाणूंचेच पुंजके, भराभर खाली बसला, वर नितळ पाणी राहिले आणि वास ओल्या मातीसारखा आला, तर जिवाणू सुदृढ आहेत असे समजायचे. गाळ काळा पडला आणि सडका वास आला, तर हवा कमी पडते आहे. या साध्या परीक्षेची रोजची नोंदवही मला निविदेच्या जाडजूड कागदांपेक्षा मोलाची वाटते.

आता आळंदीच्या कार्तिकी यात्रेचा विचार करा. काही दिवसांत लाखो वारकरी येतात, मात्र जिवाणूंची संख्या त्यांच्याबरोबर एका रात्रीत वाढत नाही. वाढलेला प्रवाह टाकीतला गाळच ढकलून बाहेर नेतो, म्हणजे ऐन गर्दीत प्रकल्प आपले बळ गमावतो आणि यात्रा सरल्यावरही त्याला सावरायला बरेच दिवस लागतात. त्यामुळे तयारी काही आठवडे आधीपासून हवी: रोज काढून टाकायचा गाळ कमी करून जिवाणू वाढवावेत, सकाळचा लोंढा साठवणाऱ्या समतोल टाक्या रिकाम्या ठेवाव्यात आणि फिरत्या शौचालयांचे टँकर एकदम न ओतता थोडे थोडे सोडावेत, कारण तो मैला नेहमीच्या सांडपाण्यापेक्षा कितीतरी पट तीव्र असतो.

वारकरी त्या पाण्यात श्रद्धेने उतरतात, तेव्हा आकडे स्पष्टच सांगितले पाहिजेत. 2017 च्या केंद्रीय अधिसूचनेने आळंदीसारख्या लहान शहरांच्या प्रक्रिया केलेल्या पाण्याला लिटरमागे 30 मिलिग्रॅम बीओडीची (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मापाची; आकडा जितका मोठा तितके पाणी घाण) मुभा दिली; 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 10 ची कडक मर्यादा सांगितली. स्नानाच्या पाण्याचा निकष मात्र 3 चा आहे. पावसाळा संपून नदीचा मूळ प्रवाह रोडावला की नियमात बसणारे पाणीही तिला स्नानायोग्य ठेवू शकत नाही. म्हणून ते पाणी घाटाच्या वरच्या बाजूला नदीत न सोडता शेतीला आणि बांधकामांना द्यावे, आणि त्यासाठी लागणारे पंप, जलवाहिन्या व वीजबिल यांची तरतूद नगरपरिषदेने प्रकल्पाच्या पहिल्याच अंदाजपत्रकात करावी.