पेपिनकाकांची बडबड इंग्रजीत कशी न्यावी?

मंडळी, वायफळ बोलण्यासाठी चेक भाषेत क्रियापदांचा तोटा नाही. ‘केत्सत’ आहे, ‘झ्वनित’ आहे. दोन्ही बोलणाऱ्याला कमी लेखणारी, आणि इंग्रजीत त्यांना हवे तेवढे प्रतिशब्द. खरी अडचण येते ‘पाबित’पाशी. चेक लेखक बोहुमिल ह्राबाल यांनी १९६४ साली आपल्या कथासंग्रहाला ‘पाबितेले’ हे नाव दिलं, म्हणजे ‘पाबित’ करणारी माणसं. शब्द चेक वाचकांच्या तोंडी बसला तो त्यांच्यामुळे.

ह्राबालांचा पाबितेल हा चकाट्या पिटणारा रिकामटेकडा नव्हे. तो कल्पनेच्या हिऱ्यातून जगाकडे बघतो. असा एक माणूस त्यांच्या घरातच होता. निंबुर्कच्या बिअर कारखान्यात त्यांचे सावत्र वडील व्यवस्थापक होते. वडिलांचे भाऊ पेपिनकाका तिथे पंधरा दिवसांसाठी म्हणून आले आणि कायमचे राहिले. बूट शिवलेला, ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या सैन्यात राहिलेला हा गृहस्थ मोठ्या आवाजात अखंड बोलायचा. सम्राट, बायका, लढाया, सगळं एका दमात.

इंग्रजीत या लोकांना ‘पॅलेव्हरर’ म्हटलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. ‘पालाव्रा’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये शब्द. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज व्यापारी तिथल्या लोकांशी वाटाघाटी करत, त्या बोलण्यांना हे नाव पडलं, आणि खलाशांनी ते इंग्रजीत नेलं. आज ब्रिटनमध्ये ‘पॅलेव्हर’ म्हणजे नसता खटाटोप. पेपिनकाकांना ना सौदा ठरवायचाय, ना कुणाचा खोळंबा करायचाय. ‘बॅबल’ घ्यावं, तर त्यात निरर्थक बरळणं येतं, आणि काकांच्या बोलण्यात तर माणसं, गावं, भांडणं ठासून भरलेली!

मग करायचं काय? मला उत्तर सापडतं ते अनुवादक मायकेल हेन्री हाइम यांच्या कामात. ह्राबालांचं १९६४ चंच दुसरं पुस्तक, ‘प्रौढ आणि प्रगत विद्यार्थ्यांसाठी नृत्याचे धडे’, हाइम यांनी १९९५ मध्ये इंग्रजीत आणलं. पेपिनकाकांवर बेतलेला म्हातारा चांभार उन्हात पहुडलेल्या तरुणींना आपलं आयुष्य ऐकवतो आणि अख्खं पुस्तक एकाच वाक्याचं आहे. शेवटीही पूर्णविराम नाही. चेकमध्ये विभक्तिप्रत्यय असल्यामुळे शब्द मागेपुढे सरकले तरी कोण कुणाला काय म्हणालं ते कळतं. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद आपली जागा सोडत नाहीत, त्यामुळे एवढं लांब वाक्य पेलायचं ओझं स्वल्पविरामांवर आणि ‘अँड’वर येतं. तरीही हाइम यांनी वाक्य तोडलं नाही.

त्या न थांबणाऱ्या वाक्यातच ‘पाबित’चा अर्थ इंग्रजीत उतरलाय. म्हणून ह्राबालांच्या इंग्रजी आवृत्तीत मी हे क्रियापद चेकच ठेवीन आणि त्याची व्याख्या देण्याऐवजी वाचकाला काकांची पाच पानं सलग वाचायला लावीन.