टाच वर, टाच खाली: खुर्चीत बसून होणारा पोटरीचा व्यायाम

खुर्चीत बसलेल्या या काकूंच्या पायांकडे बघा. टीव्हीवर सिरियल चालूय, चवडा जमिनीला टेकलेला तसाच आहे आणि टाच जेवढी जाईल तेवढी वर, मग सैल सोडून दिली की आपोआप खाली. परत वर. बस, एवढंच.

व्हॉट्सअ‍ॅपवर हेच "पाच मिनिटांत शुगर गायब" म्हणून फिरतं, आणि सगळा घोळ तिथेच आहे, कारण मूळ प्रयोग झाला अमेरिकेत ह्यूस्टन युनिव्हर्सिटीत, २०२२ साली छापून आला, आणि त्यातल्या लोकांनी हे पाच मिनिटं नाही, तासन्‌तास केलं होतं, तेही टाच नेमकी कशी उचलायची ते लॅबमध्ये शिकून. तेव्हा ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर साखर जी उसळते ती ५२ टक्के कमी उसळली. आकडा भारीच आहे, पण प्रयोगातले लोक थोडेच होते आणि सगळे काही डायबेटीसचे पेशंट नव्हते, हे फॉरवर्डवाले सांगत नाहीत.

हे होतं कसं? पोटरीत आत, खालच्या बाजूला सोलियस नावाचा स्नायू आहे, शरीराच्या वजनाच्या जेमतेम १ टक्का, पण दमत नाही बिचारा. आपण उभे असतो तेव्हा तोच आपल्याला तोलून धरतो. बाकीचे स्नायू काम करताना स्वतःकडे साठवलेली साखर आधी काढतात, हा ती फारशी वापरतच नाही, थेट रक्तातली साखर आणि चरबी ओढून घेतो. आणि कुठलाही स्नायू आकुंचन पावला की इन्सुलिन कमी असलं तरी थोडी साखर आत घेतोच.

चालता येत असेल तर जेवणानंतर दहा मिनिटं चाला, त्याला तोड नाही. गुडघे धरलेत, ऑफिसात खुर्ची सुटत नाही, एसटीत सहा तास बसायचंय, अशांसाठी मात्र हे सोन्यासारखं आहे. गोळ्या चालूच ठेवायच्या हं! आणि इन्सुलिन घेत असाल, हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला, तर थांबा, शुगर बघा, कमी आली तर साखर खा.

हां, सुरू करायच्या आधी तळवे बघून घ्या, खाली वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. पायाला मुंग्या येतात, बधिरपणा आहे, त्यांना चवड्याखाली फोड आला तरी कळत नाही, आणि इथे सगळा दाब चवड्यावरच येतो. जखम किंवा कुरूप दिसलं तर टाच उचलायची नाही, आधी डॉक्टरांना पाय दाखवायचा.