चार्टवेल: पद नसलेल्या माणसाचं कार्यालय

लंडनपासून साधारण 40 किलोमीटरवर, केंटमधल्या वेस्टरहॅम गावाजवळ हे लाल विटांचं घर. चार्टवेल. 1922 मध्ये विन्स्टन चर्चिल यांनी ते 5,000 पौंडांना घेतलं, तेही पत्नी क्लेमेंटाइन यांचं मन नसताना. भिंतींना ओल होती, डागडुजीत पैसा पाण्यासारखा गेला. पण समोरची ही दरी बघून गडी हटून बसला होता.

1929 मध्ये त्यांच्या पक्षाची सत्ता गेली. पुढची दहा वर्षं मंत्रिपद नाही. ना खातं, ना फायली, ना अधिकारी. मग हे सगळं त्यांनी घरातच उभं केलं.

रात्रीची जेवणं आटोपली की वरच्या मजल्यावरची ही अभ्यासिका जागी व्हायची. चर्चिल येरझाऱ्या घालत मजकूर सांगणार, सेक्रेटरी टाइपरायटरवर उतरवून घेणार. दोन-तीन वाजले तरी सुटका नाही. वर्तमानपत्रांतले लेख, पूर्वज मार्लबरोंचं चार खंडांचं चरित्र, संसदेतली भाषणं, सगळं इथूनच निघायचं. घरखर्चही लेखणीवरच.

आणि पाहुणे? डेस्मंड मॉर्टन हे जर्मन उद्योगांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी विभागाचे प्रमुख. राहायला जवळच, शेतांतून चालत यायचे. परराष्ट्र खात्यातले राल्फ विग्रॅमही जर्मन विमानदलाची माहिती पुरवू लागले. सरकारची गुपितं सरकारच्याच टीकाकाराच्या जेवणाच्या टेबलावर! नियमात बसणारं हे नव्हतंच. पण नोव्हेंबर 1934 मध्ये चर्चिल यांचा जर्मन विमानदलाबद्दलचा इशारा सरकारमधले बडे नेते स्टॅन्ली बाल्डविन यांनी खोडून काढला, आणि मे 1935 मध्ये आपला अंदाज साफ चुकल्याचं त्याच बाल्डविन यांना सभागृहात कबूल करावं लागलं.

आपल्याला मात्र नुसतं कौतुक करून भागणार नाही. भारताला मर्यादित स्वायत्तताही देऊ नये, म्हणून चर्चिल यांनी याच वर्षांत आकाशपाताळ एक केलं होतं. तिथली त्यांची भाषा इतकी टोकाची, की हिटलरबद्दलचे इशारेही अनेकांनी त्याच आरडाओरड्यात जमा केले. तरी भारताला ती स्वायत्तता देणारा 1935 चा कायदा झालाच. त्या ऑगस्टमध्ये घनश्यामदास बिर्ला इथे जेवायला आले, तेव्हा यजमान बागेत, अंगात कामगाराचा एप्रन. अस्पृश्यांची बाजू घेतल्यापासून गांधीजी आपल्या नजरेत खूप उंचावले, असं त्यांनी बिर्लांना सांगितलं.

1938 मध्ये शेअर बाजारात एवढं बुडालं, की चार्टवेल विकायला काढल्याची जाहिरात ‘टाइम्स’मध्ये झळकली. हेन्री स्ट्राकोश या धनिक स्नेह्याने तोटा अंगावर घेतला, म्हणून घर वाचलं.

3 सप्टेंबर 1939. ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि त्याच दिवशी चर्चिल नौदलमंत्री झाले. आता फायली सरकारी कचेरीतच मिळणार होत्या. युद्धाचा बहुतेक काळ चार्टवेल बंद राहिलं.