लिंबची बारामोटेची विहीर

साताऱ्याहून पुण्याकडे निघाले, की महामार्गापासून थोडे आत कृष्णाकाठी लिंब हे गाव लागते. येथील बारामोटेची विहीर बहुतेक जण महाल पाहण्यासाठी गाठतात. विहिरीत महाल म्हटल्यावर ते साहजिकच आहे. आपण मात्र आधी वर, काठावरच थांबू.

शिलालेखानुसार ही विहीर विरूबाई भोसले यांनी बांधविली. काम शके 1641 मध्ये सुरू होऊन शके 1646 मध्ये, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724 या काळात, थोरल्या शाहू महाराजांच्या कारकिर्दीत पूर्ण झाले. पाणी हवे होते ते आमराईला.

मोटेचे पाणी ज्यात पडते, त्या काठावरच्या दगडी जागेला थारोळे म्हणतात. चामड्याची मोट भरली, की बैल धावेवरून, म्हणजे उताराच्या वाटेने, पुढे चालत आणि त्यांचे स्वतःचे वजनही ओढीला लागे. मोटेचा भार नाडा या जाड दोरावर असे, तर सोंदूर हा बारीक दोर तिची सोंड, म्हणजे पाणी ओतायचे नळीसारखे तोंड, वर उचलून धरी, त्यामुळे वाटेत पाणी सांडत नसे. मोट काठाला आली, की तोच सोंदूर सोंडेला थारोळ्यात ओढून घेई आणि पाणी पाटाला लागे. मोट उपडी करायला वेगळा माणूस लागत नसे.

विहिरीची आखणी अष्टकोनी आहे. त्यामुळे मोटांना सरळ कड मिळते. शिवाय बाहेरच्या मातीचा दाब आला, की दगडी कडे आडव्या कमानीसारखे आवळले जाते.

आता महाल. पायऱ्या उतरून कमानीखालून गेल्यावर अरुंद जिन्याने तेथे पोहोचता येते. खांबांवर गणपती, हनुमान आणि कमळे कोरलेली आहेत.

अशा बांधकामाला पिंपळ-उंबराच्या मुळ्यांइतकाच धोका हौसेने थापलेल्या सिमेंटचा असतो. चुन्याचा सांधा ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडते आणि मग दगडाच्याच कडा ढासळू लागतात. धावेचे नुकसान तर कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण ती सपाट केली तरी एकही शिल्प हलत नाही. म्हणून मोजणीत काठाबरोबर धावेचा उतारही नकाशावर यायला हवा: बैल जेवढे पुढे चालत तेवढीच मोट वर येई, आणि धावेची लांबी पाण्याच्या खोलीवरूनच ठरत असे.